मुलाच्या वागण्याचे मूळ मेंदूच्या फोटोत दिसते का?

आपल्या पत्राचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे हे उत्तर वाचणाऱ्या इतर पालकांनाही संदर्भ कळेल. आपण केज तालुक्यातले. मुलगा ९ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत. वर्गात एका जागी बसत नाही, वही पुरी करत नाही, शेजारच्या मुलांना ढकलतो, चिडला की हाताला येईल ते फेकतो. गेल्या सहा महिन्यांत दोनदा घरातले पैसे घेऊन त्याने खाऊ आणला आणि विचारल्यावर साफ नाकारले. तीन वर्षांचा असताना तो बैलगाडीवरून पडला होता. गुरुजींनी ‘मेंदूत दोष असेल, एमआरआय करून घ्या’ असे सुचवले, आणि पुतण्याने मोबाइलवर वाचून सांगितले की अशा मुलांच्या मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग लहान असतो व ती पुढे गुन्हेगारीकडे वळतात. एमआरआय करावा का, दोष मेंदूतच आहे का, गोळ्या जन्मभर लागतील का आणि मुलाला निवासी शाळेत टाकावे का, असे आपले चार प्रश्न आहेत. पत्राच्या अगदी शेवटी आपण एक ओळ लिहिली आहे: मुलगा दोन ते सहा वर्षांचा असताना आपण दोघे दर हंगामाला ऊसतोडीला जात होता आणि तो आजीजवळ राहत होता. त्या ओळीकडे मी नंतर येईन.

एमआरआयचे उत्तर आधी देतो, कारण त्यासाठी आपण पैसे जमवायला लागला आहात. पत्रात जेवढे लिहिले आहे तेवढ्यावरून मी आज तरी एमआरआय सांगणार नाही. बैलगाडीवरून पडल्यावर मूल बेशुद्ध झाले होते का, त्यानंतर वारंवार उलट्या झाल्या का, झटके आले का, आणि त्या दिवसापासून त्याची चाल, बोलणे किंवा वागणे ठळकपणे बदलले का, एवढे चार प्रश्न घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. चारही उत्तरे ‘नाही’ असतील, तर सहा वर्षांपूर्वीच्या त्या पडण्याने आजचे वागणे समजावता येत नाही. पडली नाहीत अशी लेकरे खेड्यात सापडणे कठीण आहे.

मेंदूचा फोटो काढावाच लागतो अशी परिस्थिती वेगळी असते, आणि ती ओळखता यावी म्हणून सांगतो. मुलाला झटके येत असतील. येत असलेले बोलणे किंवा कौशल्य मागे जात असेल. चांगले चाललेले मूल काही आठवड्यांत एकदम बदलले असेल. सकाळी उठल्याबरोबर डोके दुखून उलटी होत असेल. एका बाजूचा हात किंवा पाय अशक्त वाटत असेल. डोक्याचा आकार वयाच्या मानाने फार लहान किंवा फार मोठा असेल. किंवा त्वचेवर पानाच्या आकाराचे पांढरट चट्टे असून सोबत झटके किंवा मतिमंदत्व असेल, तर तपासणी टाळू नये. आपल्या भागात झटक्यांच्या बाबतीत मेंदूत गेलेल्या जंताच्या अळ्यांचाही विचार करावा लागतो. यांपैकी काहीही नसताना केवळ खोडकरपणा, चंचलता आणि राग यांसाठी काढलेला फोटो बहुतेक वेळा ‘नॉर्मल’ येतो, आणि मग घरचे म्हणतात, ‘फोटोत तर काही नाही, म्हणजे लेकरू मुद्दाम करतंय.’ नॉर्मल अहवालामुळे मार खाल्लेली मुले मी पाहिली आहेत. उलट बाजूही आहे. कधी फोटोत एखादी निरुपद्रवी पाण्याची पिशवी किंवा बारीक पांढरा ठिपका योगायोगाने सापडतो, त्याचा वागण्याशी काडीचा संबंध नसतो, पण ‘मेंदूत गाठ’ हा शब्द गावभर होतो आणि ते कुटुंब पुढची दोन वर्षे एका मोठ्या शहरातून दुसऱ्या मोठ्या शहरात फिरत राहते. शिवाय चंचल मुलाला त्या यंत्रात अर्धा तास निपचित ठेवायचे म्हणजे बहुधा झोपेचे औषध द्यावे लागते. सीटी स्कॅन स्वस्त आणि झटपट होतो म्हणून तो तरी करू या, असे काही जण म्हणतात. त्यात क्ष-किरणांचा मारा असतो, म्हणून वाढत्या वयात तो कारणाशिवाय करू नये.

आता पुतण्याने वाचलेल्या माहितीकडे वळतो. ती खोटी नाही. मात्र तिचा अर्थ त्याने लावला तसा होत नाही, आणि इथे थोडे थांबून समजून घेणे आवश्यक आहे.

२०१७ साली अनेक देशांतल्या २३ केंद्रांनी आपापली एमआरआय चित्रे एकत्र केली. त्यात लक्ष न लागणे व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी असलेल्या १,७१३ जणांच्या मेंदूची तुलना तो विकार नसलेल्या १,५२९ जणांशी झाली. भीती व भावनांशी निगडित अमिग्डाला, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस, बक्षिसाच्या ओढीशी निगडित न्यूक्लिअस अक्युंबन्स, आणि हालचाल व सवय यांच्याशी निगडित कॉडेट व प्युटामेन असे मेंदूच्या गाभ्यातले काही भाग पहिल्या गटात सरासरीने लहान आढळले. सर्वांत मोठा फरक अमिग्डालाचा होता. पण ‘सर्वांत मोठा’ म्हणजे किती? संख्याशास्त्राच्या मापाने तो ०.१९ भरला. या मापाचा व्यवहारातला अर्थ असा होतो की दोन्ही गटांच्या आकारमानांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर ते सुमारे ९२ टक्के एकावर एक बसतात. आणि दोन्ही गटांतून एकेक जण उचलून शंभर जोड्या लावल्या तर साधारण ५५ जोड्यांत विकार असलेल्याचा अमिग्डाला लहान निघेल आणि ४५ जोड्यांत तो मोठा निघेल.

आपण शेतकरी आहात, म्हणून शेतातलेच उदाहरण घेतो. दोन शेतांत ज्वारी आहे. एका शेताला एक पाळी पाणी जास्त मिळाले. हजार हजार कणसे खुडून वजन केले तर दोन्ही शेतांच्या सरासरीत थोडा, पण खरा फरक निघेल, आणि तो फरक का पडला याचा अभ्यासही करता येईल. पण बाजारात कोणी एक कणीस आपल्या हातात दिले आणि हे कोणत्या शेतातले असे विचारले, तर आपण वजनावरून सांगू शकणार नाही. मेंदूच्या आकाराचे संशोधन हजार कणसांविषयी बोलते, आणि आपल्या पुतण्याने ते आपल्या घरच्या एका कणसाला लावले. त्याला दोष देत नाही. वर्तमानपत्रांतल्या बातम्याही बहुधा त्याच पद्धतीने लिहिलेल्या असतात, आणि काही जाणकार म्हणवणाऱ्यांनाही रंगीत चित्र दाखवण्याचा मोह आवरत नाही.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट बातम्यांत सहसा येत नाही, ती आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. हा फरक मुलांमध्ये दिसला, प्रौढांमध्ये तो तितका दिसला नाही. त्याला जोडून २००७ सालचे एक काम आहे. एडीएचडी असलेली २२३ आणि नसलेली २२३ मुले घेऊन, त्यांतल्या अनेकांची वयाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर चित्रे काढून, मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी कोणत्या वयात कमाल होते ते पाहिले गेले. वाढीच्या काळात हे पटल आधी जाड होते आणि नंतर अनावश्यक जोडण्या छाटल्या जाऊन पातळ होत जाते. कमाल जाडी गाठण्याचे मधले वय विकार नसलेल्या मुलांत ७.५ वर्षे निघाले, तर एडीएचडीच्या मुलांत १०.५ वर्षे. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता, म्हणजे जिथून ‘थांब, आधी ऐकून घे, मग कर’ अशी आज्ञा सुटते तिथे. हालचालीची आज्ञा देणारा पट्टा मात्र या मुलांत उलट थोडा लवकर पक्व झाला. पाय धावायला तयार आणि लगाम अजून वळलेला नाही, असे हे मिश्रण आहे. कपाळामागचा भाग कोणाचाही पंचविशीपर्यंत घडतच असतो. या मुलांचा क्रम तोच असतो, वेळापत्रक मागे असते. म्हणून नऊ वर्षांच्या मुलाकडून नऊ वर्षांच्या संयमाची अपेक्षा करताना, त्याचा लगाम कदाचित सहा-सात वर्षांच्या मुलाचा आहे असे धरून चाललात, तर आपले बरेच निर्णय सोपे होतील.

पैसे घेणे, खोटे बोलणे आणि मारामारी यांचा संबंध ज्या निदानाशी जोडला जातो त्याला कंडक्ट डिसऑर्डर म्हणतात, आणि त्याची यादी पुष्कळ गंभीर आहे: प्राण्यांना व माणसांना क्रूरपणे इजा करणे, शस्त्र वापरणे, आग लावणे, घरफोडी, धाक दाखवून हिसकावणे अशा १५ बाबींपैकी किमान ३ गेल्या वर्षभरात घडलेल्या असाव्या लागतात. आपल्या मुलाचे दोनदा पैसे घेऊन खाऊ आणणे त्यात बसत नाही. तरी त्या विकाराविषयी आजवर जे कळले आहे ते सांगतो, कारण भीती त्याचीच आहे. २०२४ साली १५ अभ्यासगटांची चित्रे एकत्र करून, कंडक्ट डिसऑर्डर असलेल्या १,१८५ मुलांची तुलना १,२५३ इतर मुलांशी करण्यात आली. बाह्यपटलाचे क्षेत्रफळ तपासलेल्या ३४ भागांपैकी २६ भागांत सरासरीने कमी निघाले, आणि अमिग्डाला, हिप्पोकॅम्पस व न्यूक्लिअस अक्युंबन्स हेही लहान निघाले. इथेही बोलणे गटाच्या सरासरीचेच आहे.

आकारापेक्षा मला स्वतःला अमिग्डालाच्या कामाविषयीचे संशोधन दवाखान्यात जास्त उपयोगी पडले आहे. भ्यालेल्या माणसाचा चेहरा दाखवला असता, मारकुट्या मुलांपैकी एका प्रकारच्या मुलांचा अमिग्डाला गरजेपेक्षा जास्त पेटतो. ही तापट मुले असतात. साध्या नजरेतही त्यांना धमकी दिसते, हात उगारून झाल्यावर ती रडतात आणि रात्री आईला चिकटून झोपतात. दुसऱ्या, संख्येने कमी असलेल्या प्रकारात तो चेहरा पाहूनही अमिग्डाला थंडच राहतो. या मुलांना दुसऱ्याचे दुःख पोहोचत नाही, पश्चात्ताप होत नाही, आणि शिक्षेची भीतीही फारशी वाटत नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत या दुसऱ्या प्रकारासाठी वेगळी नोंद आली, ती योग्यच झाली. तापट मुलाला मारले की त्याची ‘सगळे माझ्या वाईटावर आहेत’ ही समजूत पक्की होते. थंड मुलाला मारले की काहीच होत नाही, फक्त मारणाऱ्याचा हात दुखतो. दोघांच्याही बाबतीत बक्षीस आणि कौतुक शिक्षेपेक्षा जास्त चालते. आपण लिहिले आहे की भांडे फेकल्यावर थोड्या वेळाने तो स्वतःच धाकट्या बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवत बसतो. ही गोष्ट आपण सहज लिहिली असेल. मला तिने बराच दिलासा दिला.

‘दोष मेंदूतच आहे का’ या प्रश्नामागे एक जुना इतिहास आहे. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली तेव्हा त्यांनी त्याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटले होते, पण मुलांची बुद्धी चांगली असू शकते हेही नोंदवले. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूज्वराची एक विचित्र साथ आली. तिच्यातून वाचलेली काही मुले अस्वस्थ, बेफाम आणि भांडखोर झाली, आणि तेव्हापासून डॉक्टरांची समजूत झाली की असे वागणे म्हणजे मेंदूला इजा झालीच असली पाहिजे. इजा सापडली नाही तेव्हा ‘किंचित इजा’ असे नाव देण्यात आले, आणि १९६० च्या दशकात तेही टिकेना म्हणून ‘किंचित बिघाड’ असे म्हणू लागले. आपल्या गुरुजींच्या तोंडचा ‘मेंदूत दोष’ हा त्याच समजुतीचा धागा आहे. आज आपण एवढे खात्रीने सांगू शकतो की एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून तो ७४ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणून मी वडिलांना नेहमी विचारतो की तुम्ही लहानपणी कसे होता. बऱ्याचदा वडील गप्प राहतात आणि आजी हसते. मुदतपूर्व जन्म, जन्मतः कमी वजन, गरोदरपणात तंबाखू किंवा मिश्रीचे सेवन आणि शरीरात शिसे जाणे यांचाही या तक्रारींशी संबंध आढळलेला आहे.

आणि मेंदू जसा वागणे घडवतो, तसे जगणेही मेंदूला घडवते. रुमानियातल्या अनाथालयांत वाढलेल्या बालकांवरचे काम याचा सर्वांत ठोस पुरावा आहे. २००० साली बुखारेस्टमध्ये अशा १३६ बालकांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून पालक कुटुंबांत ठेवले गेले. वयाची दोन वर्षे पुरी होण्याआधी ज्यांना घर मिळाले, त्यांच्या मेंदूच्या विद्युत लहरी आठव्या वर्षी घरात वाढलेल्या मुलांसारख्या झालेल्या आढळल्या. उशिरा घर मिळालेल्यांच्या तशा झाल्या नव्हत्या. आता आपल्या शेवटच्या ओळीकडे येतो. ऊसतोडीच्या काळात आपले लेकरू अनाथालयात नव्हते, सख्ख्या आजीच्या कुशीत होते, आणि या दोहोंची तुलना करून मनाला लावून घेऊ नका. कोयता उचलून जाणारे कोणी हौसेने जात नाही. तरीही दिवाळीच्या आगेमागे आई-बाप निघून जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, असे सलग चार वर्षे झाले असेल, तर मुलाला दर वर्षी दोनदा नव्याने माणसे जोडावी लागली, दोन घरांचे दोन वेगळे नियम शिकावे लागले. आजीने लाडाने चालवून घेतले, आपण परतल्यावर एकदम शिस्त लावली. अशा मुलाला ‘नाही’ या शब्दाचा पक्का अर्थ काय, हे कळायला उशीर होतो. हे मेंदूच्या चित्रात दिसणार नाही, पण मला निदानासाठी ते चित्रापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

निदान ऐकण्यातून आणि पाहण्यातून होते. एडीएचडीसाठी लक्षणे १२ वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, किमान ६ महिने असावीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत. फक्त शाळेत त्रास असेल तर आधी शाळेतले कारण शोधावे लागते. चौथीतल्या मुलाला पहिलीचे पुस्तक वाचता येत नसेल, तर तो दिवसाचे पाच-सहा तास न कळणाऱ्या गोष्टीसमोर बसलेला असतो. तो खिडकीबाहेर पाहील नाही तर शेजाऱ्याला ढोसेल, तिसरे काय करणार? अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे आणि तिचे प्रमाणपत्र मिळू शकते. म्हणून त्याला घरी एक परिच्छेद मोठ्याने वाचायला लावा आणि पाच ओळी शुद्धलेखन घाला.

त्याचे कानही तपासून घ्या. काही वर्षांपूर्वी एका मुलाला ‘ऐकतच नाही’ या तक्रारीसाठी आणले होते, आणि ती तक्रार शब्दशः खरी निघाली: दोन्ही कान लहानपणापासून फुटलेले होते आणि मागच्या बाकावर त्याला अर्धे बोलणे पोहोचत नव्हते. त्या मुलाच्या पाठीवर वळ होते. रात्री तोंड उघडे ठेवून घोरणारे मूल नीट झोपत नाही आणि दिवसा पेंगण्याऐवजी चिडचिड करते. टॉन्सिल आणि नाकामागच्या गाठी पाहाव्या लागतात. बोलता बोलता पाच-दहा सेकंद शून्यात पाहून पुन्हा सुरू होणारे मूल ‘लक्ष देत नाही’ असे वाटते, पण तो फिटचा एक प्रकार असू शकतो, आणि त्यासाठी ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी लागते. हिमोग्लोबिन तपासणे तर स्वस्तच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या ६ ते ५९ महिने वयाच्या ६७.१ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला होता, आणि लोहाची कमतरता लक्ष व स्वभाव दोन्हींवर परिणाम करते.

उपचारांत मी पहिली जागा पालकांच्या प्रशिक्षणाला देतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन यांनी मारकुट्या मुलांच्या घरात बसून तासन्‌तास नोंदी केल्या आणि एक चक्र दाखवून दिले. ते आपल्या घरात असे चालत असेल. संध्याकाळी आपण म्हणता, ‘मोबाइल ठेव, अभ्यासाला बस.’ तो ऐकत नाही. आपण आवाज चढवता, तो त्याहून जास्त चढवतो, भांडे फेकतो. थकलेली आई म्हणते, ‘जाऊ द्या, दहा मिनिटं बघू द्या त्याला.’ घरात शांतता होते. मुलाला कळते की भांडे फेकल्यावर मागणी मागे घेतली जाते. आईला कळते की सोडून दिल्यावर शांतता मिळते. दोघांनाही बक्षीस मिळाले, म्हणून दोघेही उद्या तेच करतील, आणि ज्या दिवशी वडिलांनी मार देऊन गप्प केले त्या दिवशी वडिलांनाही तसेच बक्षीस मिळते. यात कोणी दुष्ट नाही. मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा रोज संध्याकाळी याच वाटेवरून चालली की ती पायवाट मळते.

ती मोडण्यासाठी चार-पाच गोष्टी सातत्याने कराव्या लागतात. आज्ञा एका वेळी एकच, जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, थोडक्या शब्दांत द्यावी. ओसरीवरून ओरडून दिलेल्या तीन आज्ञा या मुलापर्यंत पोहोचत नाहीत. ऐकले की त्याच क्षणी शाबासकी द्यावी, रविवारी देतो म्हणू नये, कारण या मुलांना लांबचे बक्षीस दिसत नाही. किरकोळ कुरकुरीकडे दुर्लक्ष करावे. मारणे किंवा फेकणे झाले तर आधी ठरवून ठेवलेली छोटी शिक्षा, उदाहरणार्थ त्या संध्याकाळचा मोबाइल बंद, न चिडता द्यावी आणि काहीही झाले तरी मागे घेऊ नये. आणि रोज १५ मिनिटे त्याच्याबरोबर त्याला आवडेल ते करावे, ज्यात उपदेश नसेल. पहिले दोन आठवडे वागणे आणखी बिघडते, कारण मूल जुनी युक्ती जास्त जोराने वापरून पाहते. बहुतेक पालक इथेच सोडून देतात. आजीला या सगळ्यात घेतल्याशिवाय काही होणार नाही, हे वेगळे सांगायला नको.

गुरुजींना विनंती करा की त्याला पहिल्या बाकावर बसवावे, लांब काम तुकड्यांत द्यावे आणि खडू-डस्टर आणण्यासारखी कामे देऊन अधूनमधून उठू द्यावे. शाळेत मार देण्यास २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, हे त्यांना ठाऊक असेलच.

गोळ्यांविषयी फार काळजी करू नका, आणि फार आशाही धरू नका. एडीएचडीचे निदान पक्के झाले आणि त्रास बराच असला तर मिथाइलफेनिडेट हे औषध अनेक मुलांत चांगले काम करते. ते कपाळामागच्या भागातले डोपामाइन या मेंदूतल्या रसायनाचे कामकाज सुधारते, तासाभरात परिणाम दिसतो आणि साधी गोळी सुमारे चार तास चालते. १९९९ साली जाहीर झालेल्या ५७९ मुलांच्या अमेरिकी अभ्यासात, १४ महिन्यांच्या अखेरीस मुख्य लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेले औषध केवळ वर्तनोपचारापेक्षा सरस ठरले. मात्र त्याच मुलांकडे काही वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा गटांमधला हा फरक उरला नव्हता. भूक मंदावणे आणि झोप उशिरा लागणे हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत, म्हणून वजन, उंची आणि रक्तदाब पाहत राहावे लागते. हे औषध शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत असल्याने तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलवर मिळत नाही आणि चिठ्ठी दोन प्रतींत लागते. अॅटोमॉक्सेटिन हा दुसरा पर्याय आहे, पण त्याला काही आठवडे लागतात. जन्मभराचा प्रश्न विचाराल, तर मी दर वर्षी काही दिवस औषध थांबवून गरज उरली आहे का ते पाहतो. काहींना लागत राहते, अनेकांचे सुटते. रागासाठी म्हणून परस्पर दुकानातून आणलेली झोपेची गोळी मात्र कधीही देऊ नका.

निवासी शाळा आत्ता नको. ज्या मुलाला लहानपणी दर हंगामाला ताटातूट सोसावी लागली, त्याला वागणे सुधारेपर्यंत दूर ठेवणे म्हणजे त्याच्या दृष्टीने ती शिक्षाच होईल, आणि चाळीस मुलांच्या खोलीत त्याचा राग सांभाळायला कोणाला वेळ नसतो. पुन्हा ऊसतोडीला जावेच लागणार असेल, तर गावातच राहता येईल अशा हंगामी वसतिगृहाची किंवा आजीजवळ राहण्याची व्यवस्था ठीक. मात्र निघताना परतण्याचा अंदाजे महिना त्याला सांगा, भिंतीवर कॅलेंडर लावून द्या आणि रोज ठरलेल्या वेळी फोन करा.

गुन्हेगारीची भीती आकड्यांनी थोडी कमी होईल. न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ जणांचा आजतागायत पाठपुरावा होत आहे. त्यांतल्या ६७२ जणांचे वयाच्या ४५ व्या वर्षी एमआरआय झाले. लहानपणापासून मोठेपणापर्यंत सातत्याने समाजविघातक वागणारे त्यांत ८० जण होते आणि त्यांचे बाह्यपटल सरासरीने पातळ व क्षेत्रफळाने कमी होते. फक्त किशोरवयात तसे वागून पुढे सुधारलेल्या १५१ जणांचे मेंदू इतरांसारखेच होते. कंडक्ट डिसऑर्डरचे निदान झालेल्या मुलांतही मोठेपणी तसेच राहणारे निम्म्याहून कमी असतात, आणि आपला मुलगा आज त्या निदानापर्यंत पोहोचलेलाही नाही.

अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. तिथल्या मनोविकार आणि बालरोग विभागात दाखवता येईल, लातूरला माझ्याकडेच यायला हवे असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा त्यांनाही दाखवा. रात्री-अपरात्री फार बिघडले आणि काय करावे सुचेना, तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. जिथे जाल तिथे जाताना बाळंतपणाचा कागद, लसीकरणाचे कार्ड, पहिलीपासूनच्या जेवढ्या सापडतील तेवढ्या वह्या आणि गुरुजींकडून वर्गातल्या वागण्याविषयी लिहून घेतलेले एक पान सोबत न्या. आणि आजीला नक्की न्या. दोन ते सहा या वयात लेकरू कसे होते, रात्री दचकून उठायचे का, आई-बाप परतल्यावर पहिले चार दिवस कसे वागायचे, हे तिच्याइतके कोणालाच सांगता येणार नाही.